दोनदा हरल्याशिवाय बाहेर नाही

देवमन खंडारे सरांना कोणी नुसतं ‘सर, आता तुमीच सांगा’ एवढं म्हटलं, की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जायचा. चष्मा काढायचा, रुमालाने पुसायचा, परत नाकावर चढवायचा आणि मग समोरच्याकडे असं पाहायचं, की त्या बिचाऱ्याला आपलं नळाच्या पाण्याचं भांडण थेट दिल्लीच्या कोर्टात लागल्यासारखं वाटावं. अमरावतीच्या त्यांच्या कॉलनीत गाड्या कुठे लावायच्या हे सरांनी ठरवलेलं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत कोणत्या गल्लीचं लेझीम पुढे, हेही सरांनीच. गणपतीच्या जागेवरून दोन मंडळं हमरीतुमरीवर आली तेव्हा तीसुद्धा सरांच्याच ओट्यावर येऊन बसली. सर ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचे, आणि सख्ख्या भाच्याला त्यांनी सराव परीक्षेत नापास केलं होतं. बहीण अजून घरी आली की चहा अर्धाच पिते. पण नाव झालं ते झालं. खंडारे सर म्हणजे तराजू, असं लोक म्हणायचे आणि सरांना ते ऐकून बरं वाटायचं. का वाटू नये?

तर या तराजूपुढे एका रविवारी त्यांची लेक प्रियदर्शनी येऊन उभी राहिली. इंजिनीयरिंगचं शेवटचं वर्ष, हातात मोबाईल, आणि चेहऱ्यावर काम असल्यावर येतो तो गोडवा.

“बाबा, टुर्नामेंट घेऊन राहिलो आमी. तिचे नियम तुमी बनवून द्या ना.”

“कबड्डीची?”

“मोबाईलवरची.”

सरांनी पुसायला काढलेला चष्मा तसाच हातात राहिला. मोबाईलवर खेळतात हे त्यांना ठाऊक होतं. घरातली दूध उतू जाण्याची निम्मी प्रकरणं त्यातूनच घडलेली. पण त्याच्याही स्पर्धा होतात, त्यात हरल्यावर माणसं रडतात, हे त्यांच्या कानावर पहिल्यांदाच येत होतं. प्रियानं समजावलं. खेळाचं नाव किल्लेतोड. पाच जण इकडचे, पाच तिकडचे, मध्ये जंगल. ज्याचा किल्ला आधी पडला तो हरला. जो तो आपापल्या घरून खेळतो, नेटवर.

पण मागच्या वर्षी झांगडगुत्ता झाला होता. एका मोबाईल दुकानदारानं स्पर्धा घेतली, दुकानातच चिठ्ठ्या काढल्या, आणि अकोल्याच्या सगळ्या तगड्या टीम पहिल्याच फेरीत एकमेकींसमोर आल्या. अमरावतीवाले आरामात सेमीफायनलपर्यंत चालत गेले. अकोलेकर म्हणाले, चिठ्ठ्यांच्या घड्या वेगळ्या होत्या. मग जे भांडण पेटलं ते अमरावतीच्या खड्ड्यांवरून अकोल्याच्या उन्हावर गेलं आणि तिथून एकमेकांच्या खानदानापर्यंत. यंदा अकोल्याच्या टीम यायलाच तयार नव्हत्या. शेवटी अकोला जिल्ह्यातल्याच अकोटच्या टीमची कॅप्टन दामिनी गावंडे म्हणाली, “खंडारे सर नियम करत असतीन तं येतो. ते अकोटले होते तवा त्यायनं माया भावाले अर्ध्या मार्कासाठी लटकवलं होतं. लबाड मानूस असता तं दिला असता न.”

आता अशा प्रमाणपत्रानं कोणाची छाती फुगणार नाही?

“आणि तू कोण यात?” सरांनी विचारलं.

“मी अमरावतीच्या एका टीमची कॅप्टन. बाबा, यंदा बी बोंब झाली न, तं अकोलावाले पुन्हा येत नाईत. मंग कायची टुर्नामेंट? वर्षभर मी याच्यासाठी सगळ्याईच्या हातापाया पडली.”

खरं म्हणजे इथंच सरांनी हात जोडायला हवे होते. जिथं आपली लेक खेळणार तिथं आपण पंच नको, हे नळावर भांडणाऱ्या बाईलासुद्धा कळतं. पण लेकीनं रिचार्ज सोडून काहीतरी मागितलं होतं, आणि ते जगात फक्त आपल्याकडेच आहे असं तिला वाटत होतं. बाप माणूस विरघळला. सरांनी चष्मा चढवला.

सुरुवातीला त्यांना वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. हरला तो बाहेर, जिंकला तो पुढे. त्यांनी कागदावर जोड्या मांडल्या आणि बायकोला दाखवल्या. दीपमालाताई सरकारी दवाखान्यात नर्स. कामावरून येऊन नुकत्या पाय सोडून बसल्या होत्या.

“म्हंजे अकोटहून, दर्यापूरहून पोट्टे महिनाभर तयारी करतीन, अन् एका डावात नेट गेलं का घरी?” त्या म्हणाल्या. “वा रे न्याय. आमी पेशंटलेसुद्धा दोनदा तपासतो.”

सरांनी कागद फाडला. मग सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, असं ठरवलं. हे फार न्यायाचं होतं, फक्त हिशेब केल्यावर निघालं की स्पर्धा प्रियाचं शिक्षण संपून तिला नोकरी लागेपर्यंत चालेल.

तेवढ्यात बातमी कंपाउंडपलीकडे गेली. पलीकडे खुशालराव राहायचे. दर्यापूरकडे काळी जमीन, कापूस-सोयाबीन, आणि मुलांच्या क्लाससाठी अमरावतीत घर केलेलं. पण जीव सगळा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत. बैलजोडीचं नाव काढलं की खुशालराव जेवण सोडून उठतील.

“सर, कायले डोक्स खपवून राहिले?” ते भिंतीवरून म्हणाले. “पटासारखं करा. पटात कोनाची जोडी कोनाच्या जोडीसंगं लढते का? एकटी सुटते. घड्याळ सांगते कोन जितलं. ना चिठ्ठ्या, ना भांडन.”

सरांचा दोष असा, की कोणीही काहीही सुचवलं तरी ते त्याचा मनापासून विचार करायचे. त्यांनी दोन दिवस विचार केला. प्रत्येक टीमनं कॉम्प्युटरविरुद्ध एकटं खेळायचं आणि ज्याला कमी वेळ लागला तो विजेता. गणितात कुठंच खोट नव्हती.

“बाबा,” प्रिया म्हणाली, “मंग आमी एकमेकाले हरवाचं कवा?”

“अन् मागच्या पटात घड्याळवाल्याले कोनं झोडपलं होतं मंग?” भिंतीपलीकडून दुर्गाबाईंचा, म्हणजे खुशालरावांच्या मंडळींचा आवाज आला. खुशालराव खोकत आत गेले. दुर्गाबाईंनी जाताजाता आपलीही सूचना सोडली, की भिशीसारखं करावं, चिठ्ठी निघेल त्याला कप, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. सगळ्यांना एकदा तरी मिळतो. आणि गंमत पाहा, सरांनी यावरही संध्याकाळभर विचार केला. यात अन्याय कुठे आहे ते त्यांना पटकन सापडेना, आणि त्यामुळे ते उगाच अस्वस्थ झाले.

अखेर मार्ग निघाला तो कॉलेजात, पुरवणी परीक्षेवर देखरेख करताना. पुरवणी! एकदा नापास झालेल्याला घरी पाठवत नाहीत, परत बसवतात. सरांनी तिथंच वरच्या आणि खालच्या अशा दोन रांगा आखल्या. सगळे वरच्या रांगेतून सुरू करतील. जो हरला तो खालच्या रांगेत येईल. खालच्या रांगेत हरला, म्हणजे दुसऱ्यांदा हरला, की मग रामराम. थोडक्यात, दोनदा हरल्याशिवाय कोणी बाहेर नाही. फायनलला वरच्या रांगेतला एक, जो एकदाही हरलेला नाही, आणि खालच्या रांगेतून लढत वर आलेला एक.

आणि इथं सरांना ती जागा दिसली, जी बघून गणिताच्या माणसाचं काळीज लकाकतं. समजा, फायनलमध्ये न हरलेली टीम हरली. मग काय? ती तर पहिल्यांदाच हरली. समोरचीही एकदाच हरलेली. दोघी सारख्या. मग एकीला कप आणि दुसरीला घरचा रस्ता, हे कसं? बाकी सगळ्यांना दुसरी संधी आणि जी सगळ्यांत चांगली खेळली तिलाच नाही? सरांनी कलम लिहिलं : असं झाल्यास आणखी एक सामना होईल आणि तो शेवटचा. लिहून झाल्यावर ते कलम त्यांनी तीनचारदा नुसतंच वाचलं. आपल्या हातून एवढं सुबक काही झाल्याचं त्यांना बऱ्याच वर्षांत आठवत नव्हतं.

“अगं बाई,” दीपमालाताई म्हणाल्या, “पोरगी झाली तवा बी इतके खूश नव्हते तुमी.”

नियम ग्रुपवर गेले. ग्रुपचं नाव ‘अमरावती-अकोला किल्लेतोड’. अमरावती आधी का, यावर पहिला दिवस गेला. सरांनी निकाल दिला की दर सोमवारी नाव उलटं करायचं. मग कोणीतरी काढलं की अमरावतीत तारेचं नेट आहे आणि अकोटकडे टॉवरचं, म्हणजे अमरावतीवाल्याची गोळी आधी सुटते. हे मात्र खरं होतं. सर गंभीर झाले. तटस्थ नेट पाहिजे! आधीचे सामने घरून होऊ द्या, पण फायनल अशा ठिकाणी, जिथं दोघांना एकच नेट. कुठे? मधोमध. सरांनी नकाशावर फूटपट्टी ठेवली. बरोब्बर मधला बिंदू एका सोयाबीनच्या वावरात पडत होता.

“मांडव टाकू न तिथं,” खुशालराव म्हणाले. त्यांना वावर म्हटलं की पट दिसायचा.

शेवटी मूर्तिजापूर ठरलं. ते अकोल्याकडे जरा जास्त सरकलेलं आहे, म्हणून मैदानाची बाजू निवडण्याचा हक्क अमरावतीला. अकोल्यानं हेही मान्य केलं. आणि अशा रीतीनं, घरबसल्या खेळायच्या स्पर्धेसाठी दोन जिल्ह्यांतली माणसं एसटीनं प्रवास करणार हे एकमतानं ठरलं. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

वाटलं ते फक्त मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक सूर्यभानजी यांना.

“ऑनलाइन हाय म्हनता,” ते म्हणाले, “तं हॉल कायले पाह्यजे?”

सरांनी समजावलं. सूर्यभानजींनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि बुकिंगचा फॉर्म पुढे केला. त्यात वरपक्ष आणि वधूपक्ष असे दोन रकाने.

“हे लग्न नाही.”

“मान्य. पन रकाना रिकामा ठेवता येत नाई. मालक पाहतेत.”

फोन लागले. अकोला म्हणालं, आम्ही वधूपक्ष नाही होणार. अमरावती म्हणालं, मग काय आम्ही होऊ? तासभर दोन्ही बाजूंनी असा ताणतणाव, की खऱ्या सोयरिकीत होत नाही. सरांनी नाणं उडवलं. अमरावती वधूपक्ष झाली. प्रिया हसून हसून खाली बसली. सूर्यभानजींनी वर बजावलं की संध्याकाळी खरंखुरं लग्न आहे, तेव्हा चारच्या आत आटपा.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात ग्रुपवर कोण्या एकानं एक ओळ टाकली. ‘फायनलचा दोन म्याचवाला नियम भारी हाय सर. ताईची टीम वरच्या रांगेतूनच येनार न.’ आणि पुढे डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसणारी दोन पिवळी तोंडं.

बस, एवढंच. लिहिणारा लिहून विसरला असेल. पण सरांना ती ओळ काट्यासारखी रुतली. ते वर्गात शिकवता शिकवता थांबायचे. जेवताना भाजीत मीठ नसलेलंही त्यांना कळलं नाही. आजवर त्यांना लोक खडूस म्हणाले होते, खवीस म्हणाले होते, भाच्यानं तर बरंच काही म्हटलं होतं. पण आपल्या माणसाला झुकतं माप देतो, असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. हे पहिल्यांदा, आणि तेही हसत. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता त्यांनी नियमावली उघडली आणि ते कलम काढून टाकलं. नवीन ओळ लिहिली : फायनल एकच होईल, जिंकेल तो विजेता. अकोल्यानं पसंतीचे अंगठे टाकले.

प्रियानं वाचलं आणि ती सरळ त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

“बाबा, हे काहून काढलं?”

“हॉल चारपर्यंतच आहे,” सर म्हणाले. “वेळ पुरणार नाही.”

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली आणि आत गेली.

“हॉल म्हने,” दीपमालाताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. “तुमाले भेव वाटलं, सरळ सांगा न. दुसऱ्या कोनाची पोरगी असती तं काढलं असतं का?”

सरांनी ताट पुढे ओढलं. उत्तर दिलं असतं तर ते ‘नाही’ असं द्यावं लागलं असतं.

स्पर्धा झाली, आणि सांगायला आनंद वाटतो की एकही भांडण झालं नाही. दोन रांगांचा खेळ पोरांना असा आवडला, की हरलेली टीमसुद्धा ‘चला खाली भेटू’ म्हणत मजेत खालच्या रांगेत जायची. दामिनीच्या अकोटच्या टीमची प्रियाच्या टीमशी लवकरच गाठ पडली. प्रिया जिंकली, दामिनी खाली आली. पण ही दामिनी म्हणजे जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींवर उड्या मारत मोठी झालेली पोरगी. ती खालच्या रांगेतून एकेकाला पाणी पाजत वर आली. प्रियाची टीम वरून एकही सामना न हरता आली. फायनलला त्याच दोघी समोरासमोर. ग्रुपवर दोन्ही जिल्ह्यांनी इतका जल्लोष केला, की कोणी कोणाचं कौतुक करतंय ते कळेना.

मूर्तिजापूरच्या कार्यालयावर कमान लागली होती : ‘अकोला परिवार व अमरावती परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहेत’. सूर्यभानजींनी फुलांसकट लावून टाकलेली. आत स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या. त्यावर दोन्ही कॅप्टन कानाला हेडफोन लावून बसल्या, बाकीचे आजूबाजूला. मागे मोठ्या पडद्यावर खेळ. दीपमालाताई सुटी टाकून आल्या होत्या. खुशालरावांनी माईक कोणाला विचारून घेतला ते कळलं नाही, पण घेतला खरा.

“सुटली! सुटली अमरावतीची जोडी! अबे दाब दाब दाब! अकोट खालून येऊन राहिली, पाह्य, पाह्य कशी येऊन राहिली!”

अमरावतीचे असूनही खुशालरावांना कोणाची बाजू नव्हती. पटात माणूस धावणाऱ्या जोडीचा असतो. पाऊण तास लोकांनी आलूबोंडे हातातच धरून ठेवले. प्रियानं दामिनीचा अर्धा किल्ला पाडला होता. आणि तेवढ्यात दामिनी एकटी जंगलातून अशी काही वळसा घालून आली, की कोणाला दिसलीच नाही. प्रियाचा किल्ला बदकन बसला. अकोला जिंकलं.

अकोलेकर उठून नाचायला लागले. आणि मग, हे सगळ्यांना दिसलं बरं का, ते नाचता नाचता हळूहळू थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, “एक-एक झालं न बे?” अमरावतीचं कोणी काही म्हणालं नाही. नियम सगळ्यांनी वाचलेला होता.

प्रियानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. दामिनीच्या हातात हात दिला. मग ती वडिलांकडे न पाहता वायर गुंडाळायला लागली. एवढ्या शांतपणे गुंडाळत होती, की सरांना वाटलं तिनं रडावं, ओरडावं, काहीही करावं, पण ती वायर अशी गुंडाळू नये.

खुशालरावांनी माईक सरांच्या हातात दिला. “बोला सर.”

सर उठले. त्यांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला आणि तसाच मागे आला.

“विजेता अकोट,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या, त्या थांबायची त्यांनी वाट पाहिली. “पण मला एक सांगायचं आहे. पहिल्यांदा मी नियम लिहिला होता की असं झालं तर आणखी एक सामना. तो नियम बरोबर होता. ज्यांना गणित येतं त्यांना कळेल, ज्यांना येत नाही त्यांना मघाशीच कळलं. तो मी काढला. हॉलचं कारण सांगितलं, ते खोटं होतं. लोक म्हणतील पोरीसाठी केलं, म्हणून मी भ्यालो.” इथं त्यांची पुस्तकी मराठी सुटली. “दुसऱ्या कोनाची पोरगी असती, तं मी तो नियम मरेपर्यंत खोडला नसता. मायी होती म्हनून खोडला. सगळ्याईले दुसरी संधी देल्ली, अन् इले नाई देल्ली.”

स्वयंपाकघरात कोणाच्या हातून झारा पडला तेवढाच आवाज.

“मग आता देऊन टाका न सर,” मागून कोणीतरी ओरडलं, आणि पुष्कळांनी माना हलवल्या.

“नाही,” सर म्हणाले. “खेळ सुरू झाल्यावर नियम बदलत नाही. चुकीचा असला तरी नाही. माझ्या पोरीसाठी तर नाहीच. कप दामिनीचा.”

आता सांगा, याला काय म्हणावं? चुकीचा म्हणून सांगितलेला नियम त्यांनी त्याच तोंडानं पाळला, आणि ते ऐकून दीपमालाताई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. पण काय खोटं बोलले? मध्येच बदलला असता तर अकोल्यावर अन्याय झाला असता. न बदलल्यानं अमरावतीवर झाला. न्याय होण्याची वेळ निघून गेली होती. ती ग्रुपवरच्या त्या दोन पिवळ्या तोंडांना भिऊन कलम खोडलं तेव्हाच गेली होती आणि त्या वेळी सर चहा पीत होते.

दामिनी लाल खुर्चीतून उठली आणि तिनं कप घेतला. चांगला दोन्ही हातांनी छातीशी धरून घेतला.

“कप मायाच हाय, सर. तो मी सोडत नाई,” ती माईकमध्ये म्हणाली. “पन आता मायं ऐका. असा कप घेऊन मी अकोटले गेली, तं हे अमरावतीवाले जलमभर म्हनतीन, एक-एक झालं होतं. बसमंदी म्हनतीन, लग्नात म्हनतीन, मयतीतबी म्हनतीन. मले नाई आयकाचं ते. काका, धरा हा कप.” तिनं कप खुशालरावांच्या कडेवर दिला. “ए प्रिया, घाल तुये हेडफोन.”

“कायसाठी?” प्रिया म्हणाली. “कप तं तुयाच हाय.”

“कपासाठी कोन म्हनते? कोन भारी ते पाहू न.”

सूर्यभानजी घड्याळ दाखवत पुढे आले, “वरात येऊन राहिली हो!” दुर्गाबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हातात आलूबोंडा दिला. बिचाऱ्यांनी तो खाल्ला, आणि मग तेही पडद्याकडे पाहायला लागले.

प्रियानं गुंडाळलेली वायर सोडली.

दुसरा सामना झाला. त्याला नियम नव्हता, कप नव्हता, पंचही नव्हता. सर कोपऱ्यात उभे होते. आयुष्यभर दोन्ही बाजूंना सारख्या टाळ्या वाजवणारा तो माणूस आता मूठ आवळून तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, “पोरी, डावीकडून... डावीकडून जा न, माय.” दीपमालाताईंनी ते ऐकलं. बाहेर वरातीचा बँड वाजायला लागला, वऱ्हाडी आत डोकावले, आणि त्यांच्यातलेही काही जण मागच्या खुर्च्यांवर बसून गेले. खुशालरावांचा आवाज बसला होता तरी ते कप कडेवर घेऊन ओरडत होते.

प्रिया डावीकडून गेली. सरांनी सांगितलं म्हणून नाही, तिलाही तेच दिसलं होतं. तिनं दामिनीचा किल्ला एका विटेवर आणून ठेवला. पण दामिनी दामिनी होती. या वेळी ती लपून आली नाही, सरळ समोरून आली, आणि प्रियाचा किल्ला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडला.

कोणी नाचलं नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

प्रिया स्टेजवरून उतरून वडिलांपाशी आली. केस घामानं कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल. पोरीसाठी सरांना इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं, आणि तिच्याबद्दल इतका अभिमानही कधी वाटला नव्हता. “चुकलं मायं, प्रिया,” असं काहीतरी ते म्हणायला गेले, पण बँडच्या आवाजात ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

ती हसत होती.

“आता हारली मी, बाबा,” ती म्हणाली. “मंगाशी नव्हती हारली.”